धरमपेठेत शनिवारी संध्याकाळी गाडी कुठे लावायची : एका घरगुती जेवणाचं प्रकरण

परिस्थिती

डिसेंबरमध्ये आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण झाली. हॉल नको, स्टेज नको, सगळे मिळून नागपूरच्या धरमपेठेत जेवू, एवढंच बाबांचं म्हणणं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोघांनी तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. त्यामुळे जागा बदलायचा प्रश्नच नव्हता. दिवस शनिवार, तारीख २०, टेबल सव्वासातचं.

माणसं १३. आम्ही चौघं आणि आई-बाबा मनीषनगरहून, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं प्रतापनगरहून, मावशी-काका आणि मावसभाऊ वर्धमाननगरहून. कोणी काही ठरवलं नसतं तर चार कार आल्या असत्या, कारण आमचीच सहा माणसं एका कारमध्ये मावत नाहीत. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. वॉकर घेऊन ते ३०-४० पावलं चालतात, मग बसावं लागतं. आईला चालता येतं, पण दम लागतो.

ज्यांनी संध्याकाळची धरमपेठ पाहिली आहे त्यांना अडचण सांगावी लागत नाही. पश्चिम उच्च न्यायालय मार्गावर, लक्ष्मीभुवन चौक आणि कॉफी हाऊस चौकाच्या आजूबाजूला, कपड्यांची आणि मोबाइलची दुकानं साडेआठपर्यंत जोरात चालतात. खाण्याच्या जागा साडेसहापासूनच भरायला लागतात. खरेदीची गर्दी उठायच्या आत जेवणाची गर्दी येऊन बसते. शेजारी गोकुळपेठेचा बाजार, आणि ट्रॅफिक पार्कला मुलांना घेऊन आलेली कुटुंबं. सात ते साडेआठ हा दीड तास सगळ्यांत अवघड.

ऑगस्टमध्ये काय झालं होतं

बाबांचा वाढदिवसही आम्ही याच भागात केला होता. फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं, "पार्किंग आहे ना मॅडम, या तुम्ही." पोहोचलो तेव्हा ती पार्किंग म्हणजे दारातल्या वॉचमनने हात दाखवलेला फुटपाथाचा तुकडा होता. आधीच तिथे तीन गाड्या चढलेल्या होत्या, आम्ही चौथी चढवली. बाबा दारातच उतरले, आम्हाला वाटलं किती छान सोय झाली.

पावणेदहाला बाहेर आलो तर गाडी नव्हती. टोचनवाल्यांनी उचलून नेली होती. नवरा ऑटो करून गाडी सोडवायला गेला. दंड भरला, उचलण्याचा खर्च वेगळा भरला, आणि परत यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ बाबा फुटपाथावर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. पाऊस थोडक्यात हुकला. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. वॉचमनने सांगितलं हे खरं, पण गाडी आमची आणि फुटपाथ चालणाऱ्यांचा. त्या रात्री एखादा दुसरा वॉकरवाला माणूस तिथून गेला असता तर आमच्या गाडीमुळे त्याला रस्त्यावर उतरावं लागलं असतं.

म्हणून डिसेंबरचं जेवण ठरल्यावर मी पहिल्यांदा मेनू पाहिला नाही. दोन आठवडे आधी, एका शनिवारी आणि एका बुधवारी, संध्याकाळी स्कूटरवर त्या भागात फिरले आणि वहीत लिहून आणलं.

पाहणीत काय दिसलं

मुख्य रस्त्यावर कार लावायची आशा सोडायला मला पंधरा मिनिटं पुरली. जिथे नो पार्किंगची पाटी नाही तिथे दुचाकींची रांग, जिथे रांग नाही तिथे चौक जवळ. नागपूर हे मोपेड-स्कूटरचं शहर, आणि ते एका अर्थी चांगलंच आहे. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, कारसाठी २.५ मीटर गुणिले ५ मीटर जागा धरतात आणि स्कूटरसाठी १ गुणिले २. म्हणजे एका कारच्या जागेत सहा दुचाकी. चार माणसांचं कुटुंब दोन स्कूटरवर आलं तर कारच्या तिसरा हिस्सा जागा घेतं. हा हिशोब मी वहीत लिहिला आणि दादाला फोटो काढून पाठवला. पुढे काय झालं ते येईलच.

आतले रस्ते वेगळे आहेत. जुने प्लॉट, झाडं, बंगले पाडून झालेल्या अपार्टमेंट. तिथे जागा दिसते, पण प्रत्येक दिसणारी जागा चालणारी नसते. कुठे फाटकासमोर कुंड्या मांडलेल्या, कुठे दगड, कुठे टायर, आणि सगळीकडे पाट्या : "येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल." या खाजगी पाट्यांबद्दल मी बराच विचार केला. सार्वजनिक रस्त्याच्या कडेला नो पार्किंग ठरवायचा अधिकार रहिवाशाला नाही. तो सरकारने अधिकार दिलेल्या यंत्रणेला आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या ११७व्या कलमानुसार पार्किंगच्या जागाही तीच, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, ठरवते. घरासमोरचा रस्ता घरमालकाचा नसतो. पण फाटकाचं तसं नाही. कोणाच्याही आवारात जायच्या-यायच्या वाटेवर गाडी लावणं नियमानेच मना आहे, पाटी असो की नसो. त्यामुळे मी पाट्या वाचणं सोडून फाटकं मोजली. दोन फाटकांच्या मध्ये निदान सहा मीटर सरळ कंपाउंडची भिंत असेल तरच ती जागा वहीत.

तिसरी गोष्ट हॉटेलच्या इमारतीची. मॅनेजरला मी शांतपणे विचारलं, "भाऊ, या बिल्डिंगची पार्किंग कुठे आहे?" त्याने खरं ते दाखवलं. खाली तळघर आहे, उतार आहे, वर यायला लिफ्टही आहे. तळघरात जास्तीच्या खुर्च्या, दोन फ्रीजर आणि सजावटीचं सामान होतं. "शनिवारी इथं एकही गाडी नाही बसत मॅडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, त्याच्या हातातही काही नव्हतं. याकडे शेवटी परत येते.

व्हॅलेची सोय शेजारच्या एका ठिकाणी होती. किल्ली देऊन मोकळं व्हायचं, हे बाबांसाठी सोपं वाटलं. मी उभी राहून पाहिलं तर मुलं गाड्या नेऊन मागच्या गल्लीत, वळणावर लावत होती. व्हॅलेबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. गाडी हरवली तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे : दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलमधून १९९८ साली व्हॅलेला दिलेली कार चोरीला गेली होती, आणि पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' छापलं म्हणून हॉटेलला आपल्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही असा निकाल आला. म्हणून पावती जपून ठेवायची. पण चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचं ई-चलान गाडीच्या नंबरावर फाटतं, आणि नंबर आपला असतो. गाडी नक्की कुठे लावणार हे जो व्हॅले दाखवू शकत नाही त्याला किल्ली देऊ नये, असं माझं मत झालं.

नियम, आणि त्यातलं ५० मीटरचं गणित

मी वकील नाही, पण या कामापुरतं मुळातून वाचलं. मोटार वाहन कायदा १९८८ चं १२२वं कलम म्हणतं की दुसऱ्यांना धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची नाही. १२७व्या कलमाखाली मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातला पोलिस अधिकारी उचलून नेण्याचा आदेश देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च दंडाशिवाय वेगळा, मालकाच्याच डोक्यावर. ऑगस्टमध्ये आम्ही जे दोनदा पैसे भरले त्याचं कारण हे. १७७व्या कलमाचा सर्वसाधारण दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केलं तर १,५०० पर्यंत आहे.

रोजच्या उपयोगाचा तपशील मात्र २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांत आहे. फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि झेब्रा पट्ट्यांवर नाही. बसस्टॉपजवळ, शाळा-दवाखान्याच्या दाराशी नाही. उभ्या गाडीला समांतर दुसरी गाडी नाही. वाहतुकीच्या उलट तोंडाने नाही. आणि ज्या नियमाने माझी अर्धी वही कोरी झाली तो हा : चौकाच्या किंवा तिठ्याच्या कडेपासून ५० मीटरच्या आत गाडी लावायची नाही.

५० मीटर म्हणजे माझी ७० पावलं. आतल्या रस्त्यांवर मी ती मोजत गेले. या वसाहतींत चौक जवळजवळ आहेत. दोन तिठ्यांमधलं अंतर १०० मीटर असेल तर दोन्ही टोकांकडून ५०-५० सोडल्यावर कायद्याने एकही गाडी बसत नाही. १२० मीटरचा पट्टा असेल तर मधले २० मीटर उरतात, म्हणजे एका बाजूला चार कार, तेही मध्ये एकही फाटक नसेल तर. हे समजल्यावर मला संध्याकाळच्या धरमपेठेकडे पाहायची दृष्टीच बदलली. 'जागा मिळाली' असं आपण ज्याला म्हणतो ती बहुतेक वेळा 'कोणी अडवलं नाही' अशी जागा असते. सगळे लावतात म्हणून ती वैध होत नाही. उचलायला गाडी आली की एकाच्या वाट्याला येते आणि बाकीचे सुटतात, एवढाच फरक.

जिथे यंत्रणेने स्वतः पांढऱ्या पट्ट्या आखून पार्किंग दिली आहे किंवा पार्किंगची निळी चौकोनी पाटी लावली आहे, ती जागा अर्थातच सगळ्यांत भरवशाची. पाटीखालची छोटी पाटी वाचायची सवय लावावी लागते : कोणत्या वाहनासाठी, किती ते किती, तिरकी लावायची की सरळ. दुचाकीच्या पट्ट्यांत कार घुसवणं हाही गुन्हाच. पी-१, पी-२ अशा पाट्या असतील तर तारीख बघायची. सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. आमची २० तारीख सम होती. ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम, त्यामुळे त्या दोन दिवसांत बाजू बदलत नाही. हे लक्षात न आल्यामुळे महिन्याच्या पहिल्या तारखेला कितीतरी लोक सवयीने समोरच्या बाजूला लावतात.

आणखी एक फरक, ज्यावर आमचं सगळं नियोजन पुढे उभं राहिलं. नो पार्किंगच्या गोल पाटीवर एक तिरपी लाल रेघ असते. नो स्टॉपिंगच्या पाटीवर दोन रेघांची फुली असते. फुली असेल तिथे थांबायचंच नाही. एक रेघ असेल तिथे गाडी लावून जाता येत नाही, पण चालकाने जागेवर बसून माणूस उतरवला आणि लगेच निघाला तर ते पार्किंग नाही. आम्ही इतकी वर्षं या दोन गोष्टी एकच समजत होतो. बाबा चालू शकत नाहीत, म्हणून गाडी दारात लावली पाहिजे, असं आमचं डोकं चालायचं. खरं तर बाबांना दारात उतरवलं पाहिजे. गाडीला चालायची काही अडचण नाही, ती एक किलोमीटरवर राहू शकते.

काय ठरलं

चार कारची एक कार करायची. त्या एका कारमध्ये आई, बाबा, मी आणि नवरा. आमची दोन्ही मुलं मेट्रोने : जयप्रकाशनगरहून सीताबर्डी, तिथे ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर बदलायचं, आणि शंकरनगर चौक स्टेशनला उतरायचं. मावशीकडच्यांना तर बदलायचंही नव्हतं. वैष्णोदेवी चौकापासून शंकरनगर चौकापर्यंत ॲक्वा लाइन सरळ जाते. डिसेंबर २०२२ मध्ये पूर्वेकडचा तो भाग सुरू झाल्यापासून वर्धमाननगरच्या माणसाला धरमपेठेत यायला गाडी काढायचं खरं कारण उरलेलं नाही. स्टेशनवरून जेवायच्या जागेपर्यंत दहा-बारा मिनिटं चालणं, थंडीचे दिवस, मावशी रोज सकाळी याहून जास्त चालते.

अडचण परतीची होती. मेट्रोची शेवटची गाडी रात्री दहाच्या सुमाराला असते, आणि आपल्याकडे शनिवारचं जेवण दहाला कुठे संपतं. म्हणून टेबल सव्वासातचं, केक जेवणाच्या आधी, आणि मुख्य जेवणाची ऑर्डर दोन दिवस आधी फोनवर. आईला हे सगळं फार घाईचं वाटत होतं. "लग्नसुद्धा एवढं मिनिटावर नव्हतं लागलं आमचं," ती म्हणाली. मी तिला ऑगस्टची खुर्ची आठवण करून दिली नाही. ते बरं केलं असं आता वाटतं.

दादाकडचे चौघं दोन स्कूटरवर येणार होते.

कारसाठी वहीत तीन जागा ठरल्या, पहिली न मिळाल्यास दुसरी, मग तिसरी. पहिली जागा शंकरनगरच्या बाजूच्या वसाहतीतला एक आतला रस्ता, दोन तिठ्यांपासून ७० पावलांच्या पलीकडे, लांब भिंतीला लागून, दिव्याखाली. जेवायच्या जागेपासून चालत नऊ मिनिटं. गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही. पाट्या बदलतात, कामं निघतात, आणि चार गाड्यांच्या जागेवर चाळीस गाड्या आल्या तर तिथल्या लोकांचं जगणं कठीण होईल. आपल्या ठिकाणाभोवतीचा रस्ता आपणच एकदा मोजून ठेवावा.

त्या संध्याकाळी

सहा चाळीसला आम्ही दारापाशी होतो. सव्वासातच्या टेबलासाठी इतक्या लवकर येणं मुलांना विचित्र वाटलं होतं, पण तेवढ्यानेच काम झालं. दारासमोर दोन ऑटो उभे होते. नवऱ्याने हॉर्न न वाजवता पुढे जाऊन एक फेरी मारली, ती चार मिनिटांची झाली. दुसऱ्या फेरीला जागा होती. आमची मुलं तोवर मेट्रोने पोहोचून दारात उभी होती. एकाने दार उघडलं, एकीने वॉकर काढला, नवरा स्टिअरिंगवरून हलला नाही. बाबा उतरून पायरीपर्यंत पोहोचेपर्यंत कार निघून गेली होती. मागच्या गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तेवढंच.

पहिलीच जागा मिळाली. तिथे गाडी लावताना समोरच्या फाटकातून एक काकू बाहेर आल्या. "काऊन हो, इथंच लावून राहिले का तुम्ही? मग आमची गाडी कशी निघेल?" नवऱ्याने त्यांना फाटकापासूनचं अंतर दाखवलं, मग एका कागदावर फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून काचेमागे ठेवला आणि सांगितलं, "काकू, साडेनऊच्या आत नेतो. मध्ये काही लागलं तर फोन करा, दहा मिनिटांत येतो." काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "विचारत नाही हो कोणी. लावतात नि जातात." मला वाटतं या भागातल्या सगळ्या कुंड्या आणि दगड त्या एका वाक्यातून आलेले आहेत. रस्ता त्यांचा नाही हे कायद्याने खरं असलं तरी रोज संध्याकाळी अनोळखी गाड्यांच्या मधून आपल्याच घरात शिरावं लागणं ही काही लहान गोष्ट नाही. त्या दिवशी कायद्याने आम्ही बरोबर होतो, आणि तरीही त्या चिठ्ठीशिवाय आमचं वागणं पुरं झालं नसतं.

मावशीकडचे सात वाजता आले, चालून गाल लाल झालेले.

दादा कार घेऊन आला.

"थंडी आहे, पोरांना सर्दी होईल, नि मिळते गं जागा," असं त्याने वहिनीला सांगितलं म्हणे. सात वीसला त्याचा फोन आला की तो लक्ष्मीभुवन चौकात आहे. साडेसातला, दुसऱ्यांदा लक्ष्मीभुवन चौकात. वहिनी आणि मुलं तिथेच उतरून चालत आली. वॉचमनने त्यालाही फुटपाथ दाखवला, आणि इथे मात्र दादाने नाही म्हटलं, कारण ऑगस्टमध्ये बाबांजवळ उभा राहिलेला तोच होता. माझ्या वहीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जागा त्याला मी फोनवर सांगितल्या. दुसरी भरलेली होती. तिसरी एलएडी चौकाच्या बाजूला, जवळजवळ दीड किलोमीटरवर. तिथे लावून तो ऑटोने आला, आठला पाच कमी असताना. केक त्याच्यासाठी थांबवला होता, त्यामुळे जेवण अर्धा तास मागे गेलं, आणि त्याची किंमत शेवटी मावशीला द्यावी लागली : रसमलाई यायच्या आधी तिला मेट्रोसाठी उठावं लागलं. दादाला याचं खरंच वाईट वाटलं. मी काही बोलले नाही, पण हे लिहिताना ते वगळणं बरोबर होणार नाही. एक माणूस जरी ठरलेलं सोडून कार घेऊन आला तरी त्याचा उशीर सगळ्या टेबलावर पसरतो.

निघतानाचा भाग

उतरण्यापेक्षा परत बसणं जास्त अवघड असतं, आणि पहिल्या नियोजनात मी त्याचा पुरेसा विचार केला नव्हता. नऊ ते साडेनऊ पहिली पंगत उठते. दारात एकाच वेळी बाहेर पडणारे, आत येणारे, खाद्यपदार्थ पोहोचवणारे बाइकवाले आणि ऑटो. कार आणून दारात उभी ठेवायची आणि मग बाबांना उठवायचं, असं केलं तर पाच-सात मिनिटं रस्ता अडतो, आणि ते पार्किंगच झालं.

आम्ही उलटं केलं. बिल मागवताच नवरा चालत निघाला. नऊ मिनिटं चालणं, पाच मिनिटं गाडी आणणं. गाडी वळणावर आली की त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा, तेव्हाच बाबांनी खुर्चीवरून उठायचं. तोपर्यंत त्यांनी आत, पंख्याखाली, पाहुण्यासारखं बसायचं. कॉल आला, बाबा उठले, ३० पावलं चालून दारात पोहोचले आणि कार समोर आली. बसायला दीड मिनिट लागलं असेल. मुलगा मागच्या गाड्यांना हात करून उभा होता. कोणी हॉर्न दिला नाही. वॉकर पाहिल्यावर नागपूरचा माणूस थांबतो, हे मी त्या रात्री दोनदा पाहिलं.

साडेनऊ वाजून गेल्यावर लगेच निघालो. काकूंना साडेनऊ सांगितलं होतं, गाडी त्याआधीच काढली होती.

नंतर

पंधरा दिवस मी महाट्रॅफिकच्या ॲपवर आमच्या दोन्ही गाड्यांचे नंबर तपासत राहिले. ई-चलान कधीकधी उशिरा दिसतं आणि मेसेज आला नाही म्हणजे चलान नाही असं नसतं. काही आलं नाही.

वहीत दोन दुरुस्त्या केल्या. मेट्रोने परतायचं असेल तर टेबल सव्वासातचं नाही, पावणेसातचं. आणि शनिवार टाळता येत असेल तर टाळायचा. बुधवारच्या पाहणीत त्याच पहिल्या गल्लीत साडेसातलाही तीन जागा रिकाम्या होत्या.

राहिलं ते तळघर. राज्याची विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, त्याआधीही नियम होतेच, आणि व्यापारी इमारतीला मंजुरी देताना तिच्या वापरापुरती पार्किंग नकाशात दाखवावी लागते. ती जागा गाड्यांसाठीच ठेवली जाते की नाही यावर रस्त्यावरची अर्धी गर्दी ठरते. माहिती अधिकार कायदा २००५ खाली मंजूर नकाशाची प्रत कोणीही नागरिक मागू शकतो. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. मी त्या इमारतीच्या नकाशासाठी अर्ज केला आहे. मॅनेजरलाही तसं सांगून आले, कारण तो आमच्याशी खरं बोलला होता आणि पाठीमागून काही करणं मला योग्य वाटलं नाही. तो म्हणाला, "मालकांना सांगतो मॅडम, खुर्च्या हलवायला काही नाही." त्या तळघरातून लिफ्ट थेट जेवायच्या मजल्यावर येते. बाबांना तिथून टेबलापर्यंत १५ पावलं पडतील, मी मोजून पाहिली आहेत.